अध्याहृत ‘पर्यंत’ : पंचांगातील दैनिक नोंदीच्या भाषेचे परीक्षण

पंचांगाविषयी मराठीत लिहिले गेले आहे ते बहुतेक ज्योतिर्गणिताच्या किंवा धर्मशास्त्राच्या अंगाने. शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचा १८९६ साली प्रसिद्ध झालेला भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास हा ह्या क्षेत्रातील आधारग्रंथ, आणि त्याची योग्यता आजही उणावलेली नाही. परंतु पंचांग ही एक लिखित संहिताही आहे. तिला स्वतःची परिभाषा आहे, स्वतःचे संक्षेप आहेत, आणि (प्रस्तुत लेखाचा मुद्दा हाच आहे) स्वतःची वाक्यरचनाही आहे. ही वाक्यरचना न ओळखता पंचांग वाचणारा वाचक गणितात कितीही प्रवीण असला तरी चुकतो, आणि तो इतिहासाचा अभ्यासक असेल तर त्याची चूक छापली जाऊन पुढील अभ्यासकांच्या वाट्यास येते.

‘पंचांग कसे पाहावे’ हे सांगणाऱ्या लहान पुस्तिकांची आपल्याकडे वाण नाही. त्यांचा क्रम ठरलेला असतो: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगे, चंद्र सूर्यापुढे १२ अंश गेला की एक तिथी, तिचा अर्धा भाग करण, चंद्राने १३ अंश २० कला आक्रमिल्या की एक नक्षत्र, सूर्य व चंद्र ह्यांच्या भोगांची बेरीज तितकीच वाढली की एक योग. ह्या व्याख्या निर्दोष आहेत. मात्र त्या पाठ केलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यापुढे एखादी प्रत्यक्ष ओळ ठेवावी आणि तिचा अर्थ विचारावा, म्हणजे व्याख्या व वाचन ह्यांमध्ये किती अंतर आहे ते कळून येते. ‘मंगळवार, चतुर्थी १३.४२’ एवढेच लिहिलेले असते. ह्यात क्रियापद नाही, विभक्तिप्रत्यय नाही, शब्दयोगी अव्ययही नाही. १३.४२ वाजता चतुर्थीचे काय होते?

बोलीतील मराठी ह्या प्रश्नाचे एक उत्तर आधीच गृहीत धरून बसलेली असते. आपल्या भाषेत तिथी ‘लागते’. अवस लागते, एकादशी लागते, ग्रहण लागते, सुतक लागते. घरातील वडीलधारी बाई विचारते ती ‘चतुर्थी कधी लागते?’ असेच. ‘लागणे’ हे क्रियापद आरंभाचे आहे. अवस्थेच्या उंबरठ्यावर ते उभे असते. पंचांगाची नोंद मात्र नेमकी उलट दिशेने केलेली आहे. तेथे छापलेला क्षण हा समाप्तीचा क्षण असतो. ‘चतुर्थी १३.४२’ म्हणजे चतुर्थी दुपारी १ वाजून ४२ मिनिटांपर्यंत. तेथून पुढे पंचमी. विचारणारी आरंभ विचारते आणि पंचांग अंत सांगते. तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत नसतेच. ते आदल्या दिवसाच्या ओळीत, तृतीयेच्या नावाखाली असते. प्रश्नाची भाषा व उत्तराची भाषा ह्यांतील हा विसंवाद पुस्तिकाकारांनी ओळखलेला दिसत नाही. ते ‘समाप्तिकाल’ हा शब्द एकदा उच्चारतात आणि पुढे जातात.

ही समाप्तिनिष्ठ दृष्टी पंचांगकर्त्यांची लहर नव्हे. भारतीय कालगणनेचा तो स्थायीभाव आहे. शकवर्षाचा जो अंक आपण लिहितो तो रूढ समजुतीनुसार गतवर्षांचा, म्हणजे पूर्ण होऊन गेलेल्या वर्षांचा. इष्टघटी म्हणून सांगितल्या जातात त्याही सूर्योदयापासून सरलेल्या घटी. मराठीतील ‘घटका भरणे’ हा वाक्प्रचार ह्याच विचाराचा अवशेष होय. बुडाशी छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडले की ते हळूहळू भरते आणि २४ मिनिटांनी बुडते. बुडाले म्हणजे घटका झाली. घटकेस नाव मिळते ते ती संपल्यावर. एखाद्याची ‘घटका भरली’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या आयुष्याचे माप पुरे झाले असाच भाव असतो. ‘घड्याळ’ ह्या शब्दात घटी दडून राहिली, पण घड्याळाने तिचा स्वभाव पालटला: पाश्चात्त्य यंत्रावर आपण चालू क्षण वाचतो, भरून गेलेले माप नव्हे. आज पंचांगातील आकडा घड्याळाच्या भाषेत छापलेला असतो, आणि त्याचे व्याकरण मात्र घटिकापात्राचे राहिले आहे. गोंधळाचे मूळ येथे आहे, असे मला वाटते.

दुसरे मूळ ‘तिथी’ ह्या शब्दाच्या द्व्यर्थतेत आहे. एका अर्थी तिथी हा कालखंड आहे. तो दिवसाच्या किंवा रात्रीच्या कोणत्याही क्षणी सुरू होतो, सुमारे २० ते २७ तास टिकतो आणि कोणत्याही क्षणी संपतो. ह्याला आपण कालवाचक तिथी म्हणू. दुसऱ्या अर्थी तिथी हे एका संपूर्ण दिवसाचे नाव आहे: सूर्योदयाच्या क्षणी जी कालवाचक तिथी चालू असेल तिचे नाव त्या सूर्योदयापासून पुढील सूर्योदयापर्यंतच्या वारास मिळते. ही दिनवाचक तिथी. दोन्हींना शब्द एकच, आणि पंचांगाच्या एकाच ओळीत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ‘मंगळवार, चतुर्थी’ हे दिनवाचक, ‘१३.४२’ हे कालवाचक. ओळीच्या मध्यावर शब्दाचा अर्थ बदलतो आणि त्याची कोणतीही खूण कागदावर नसते.

‘क्षयतिथी’ व ‘वृद्धितिथी’ ह्या संज्ञांचा उलगडा ह्या भेदाने तत्काळ होतो. समजा, सूर्योदय ६.२० ला आहे, चतुर्थी ६.३० ला संपली आणि पंचमी दुसऱ्या दिवशी पहाटे ५.१० ला संपली. पंचमीस एकही सूर्योदय लाभला नाही, म्हणून कोणत्याही दिवसास तिचे नाव मिळाले नाही. तिचा ‘क्षय’ झाला असे म्हणतात, पण नाश कशाचा झाला? ती २२ तास ४० मिनिटे यथास्थित नांदून गेली. पाणिनीय व्याकरणात लोप म्हणजे नाश नव्हे, अदर्शन. व्याकरणाच्या विद्यार्थ्यास क्षयतिथी समजावून देण्यास ह्याहून सोयीची उपमा मला सापडलेली नाही. लुप्त झाले ते दिनवाचक नाव. उलट एखाद्या तिथीस दोन सूर्योदय लाभले की दोन दिवसांना एकच नाव मिळते, आणि पहिल्या दिवसापुढे वेळेऐवजी ‘अहोरात्र’ असे छापलेले असते. त्या ठिकाणी वाचकास ‘पर्यंत’ गृहीत धरताच येत नाही, कारण तेथे अंतच नाही. पंचांगाच्या संपूर्ण कोष्टकात आपली वाक्यरचना उघड करणारा हा एकच शब्द असावा.

व्रतांचा व सणांचा निर्णय तिसऱ्याच तत्त्वावर चालतो. तेथे सूर्योदयाची तिथी सर्वत्र पाहत नाहीत. त्या त्या कर्माचा काल पाहतात. गणेशचतुर्थीस मध्याह्न, विजयादशमीस अपराह्न, लक्ष्मीपूजनास प्रदोष, संकष्टीस चंद्रोदय. दिनमानाचे पाच भाग केले असता तिसरा भाग मध्याह्न. सूर्योदय ६.२० व सूर्यास्त ६.५० असेल तर तो ११.२० ते १.५० होईल. आता सोमवारी तृतीया ११.०० पर्यंत आणि मंगळवारी चतुर्थी ९.१० पर्यंत असेल, तर मध्याह्नी चतुर्थी सोमवारीच सापडते, आणि गणपती सोमवारी बसतो. भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या सोमवारच्या चौकोनात ‘तृतीया’ छापलेले असते आणि खाली ‘गणेशचतुर्थी’ असेही छापलेले असते. ही छापण्यातील चूक नव्हे. वरचा शब्द दिनवाचक आहे व खालचा कर्मकालास अनुसरून आलेला आहे. परंतु दरवर्षी कोणी ना कोणी ह्यावरून पंचांगकर्त्यांना बोल लावतोच.

येथवरचे विवेचन कोणी केवळ घरगुती सोयीचे मानील. त्याचे महत्त्व कागदपत्रांच्या वाचनात किती आहे हे दाखविण्यासाठी एक सुप्रसिद्ध नोंद तपासून पाहू. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलीत शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची नोंद शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार अशी आहे. तिच्यापुढे घटी २१ पळे ३४ हे आकडे आहेत. नंतर ‘वि’ ह्या अक्षरापुढे ३८ व ४० आणि ‘सी’ ह्या अक्षरापुढे ४२. आणि मग, तीन घटका रात्र उरली असता महाराज सिंहासनावर बसले, असे विधान आहे. आता राज्याभिषेकाची तिथी म्हणून आपण सर्वत्र ज्येष्ठ शुद्ध १३ मानतो. राजशकाचा आरंभही त्याच तिथीपासून धरतात. इंग्रजी तारीख ६ जून १६७४, आणि त्या दिवशी वार शनिवार. तेव्हा नोंद द्वादशी-शुक्रवार म्हणते आणि परंपरा त्रयोदशी मानते, तारीख शनिवारी पडते. तिथी आणि वार ही दोन्ही अंगे चुकली, असे म्हणून ही नोंद बाजूस सारण्याचा मोह वाचकास होणे शक्य आहे.

नोंदीत चूक नाही. तिची वाक्यरचना पंचांगाची आहे, एवढेच. घटी २१ पळे ३४ हा राज्याभिषेकाचा क्षण नव्हे; तो असता तर त्याच वाक्यातील ‘तीन घटका रात्र उरली’ हे शब्द निरर्थक ठरते. तो द्वादशीच्या समाप्तीचा क्षण आहे. सूर्योदयापासून सुमारे ८ तास ३८ मिनिटांनी, म्हणजे शुक्रवारी दुपारी, द्वादशी संपली व त्रयोदशी लागली. ‘वि’ म्हणजे विशाखा नक्षत्र, ते ३८ घटी ४० पळांपर्यंत; ‘सी’ म्हणजे सिद्ध योग, तो ४२ घटींपर्यंत. लेखकाने शुक्रवारच्या पंचांगाची ओळ उतरून घेतली आणि तिच्यापुढे घटना लिहिली. घटनेचा क्षण ६० घटींच्या अहोरात्रात तीन घटका उरल्या असताना, म्हणजे ५७व्या घटीच्या सुमारास येतो. तेव्हा द्वादशी, विशाखा व सिद्ध ही तिन्ही मागे पडली होती. कालवाचक तिथी त्रयोदशी होती. दिनवाचक तिथी द्वादशीच राहिली, आणि सूर्योदय व्हावयाचा असल्यामुळे वारही शुक्रवारच राहिला. इंग्रजांची तारीख मध्यरात्री पालटते, म्हणून त्यांच्या गणनेने शनिवार, ६ जून उजाडला होता. (ही ६ जून जुन्या ज्यूलियन पद्धतीची, इंग्रजांनी नवी पद्धत १७५२ साली स्वीकारली. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १६ जून होतो.)

आकडे परस्परांशी जुळतात की नाही, हेही पाहता येते, आणि प्रत्येक संपादकाने हे पाहावे. द्वादशी संपताना चंद्र सूर्याच्या पुढे बरोबर १४४ अंश असतो. त्यानंतर १७ घटी ६ पळांनी विशाखा संपते, म्हणजे चंद्र २१३ अंश २० कलांवर येतो. चंद्राची मध्यम दिनगती सुमारे १३ अंश १० कला धरल्यास एवढ्या काळात तो सुमारे पावणेचार अंश चालेल. म्हणून द्वादशीच्या समाप्तीस चंद्र २०९ अंश ३५ कलांच्या व सूर्य ६५ अंश ३५ कलांच्या आसपास होता. दोहोंची बेरीज २७५ अंश १० कला. सिद्ध योग २८० अंशांस संपतो. राहिलेले ४ अंश ५० कला चंद्र-सूर्यांच्या एकत्रित गतीने भरून येण्यास साधारण साडेवीस घटी लागतात. २१ घटी ३४ पळांत त्या मिळविल्या की उत्तर ४२ घटींवर येते. नोंदीत ४२ च आहे. तिन्ही आकडे एकाच गणिताचे आहेत, नक्कल करताना विस्कटलेले नाहीत. ज्या नोंदीवर चुकीचा आरोप येऊ शकला असता ती ह्या कसोटीस इतकी उतरते, की तिच्यामागे त्या वर्षाचे प्रत्यक्ष पंचांग उभे असले पाहिजे असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. त्या काळी महाराष्ट्रातील पंचांगे गणेश दैवज्ञाच्या ग्रहलाघव व तिथिचिंतामणी ह्या ग्रंथांवरून होत. शके १४४२ च्या ह्या करणग्रंथाने पुढे तीन शतकांहून अधिक काळ आपल्याकडील दिवसांना नावे पुरविली.

घटी-पळांऐवजी तास-मिनिटे आली तेव्हा लाभ झाला, आणि एक हानीही झाली. घटी-पळे सूर्योदयापासून मोजली जात, म्हणून ती स्थानिक असत. मुंबईच्या पंचांगातील घटी नागपुरास जशाच्या तशा चालत नसत. दोन शहरांच्या रेखांशांत सुमारे सव्वासहा अंशांचे अंतर आहे, म्हणजे नागपूरचा सूर्योदय मुंबईच्या आधी सुमारे २५ मिनिटे. भारतीय प्रमाणवेळेत तिथीचा अंत सर्व देशभर एकाच वेळी लिहिता येतो, ही मोठी सोय खरी. परंतु त्यामुळे तिथी सर्वत्र सारखी असा भास उत्पन्न होतो. नागपुरास सूर्योदय ६.१० ला, मुंबईस ६.३५ ला आणि तिथीचा अंत ६.२० ला असेल, तर त्या दिवसाचे नाव दोन शहरांत वेगळे होईल. घटी-पळांच्या भाषेत हा भेद आकड्यातच दिसे. तास-मिनिटांच्या भाषेत तो वाचकाने आठवणीने आणावा लागतो. शिवाय जुन्या मुद्रित पंचांगांतील तास-मिनिटे कोणत्या वेळेची, हेही पाहावे लागते. प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबईत तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली स्थानिक वेळ पुढे अनेक दशके व्यवहारात होती.

मध्यरात्र ते सूर्योदय ह्या पट्ट्यात दिनदर्शिकेची अडचण सर्वांत ठळक होते. तिचा चौकोन इंग्रजी तारखेचा, आणि त्यातील तिथी सूर्योदयाची. काही पंचांगकर्ते रात्री दीडच्या समाप्तीस २५.३० लिहितात. पाहणाऱ्यास हे विचित्र वाटते. मला ते सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण दिवस अद्याप संपलेला नाही हे त्या आकड्यातच सांगितलेले असते. भ्रमणध्वनीवरील अलीकडच्या पंचांगांत ‘आत्ताची तिथी’ दाखविण्याची प्रथा पडली आहे. तीत दिनवाचक अर्थ अजिबात गळून पडतो. पहाटे चार वाजता जन्मलेल्या मुलाचा वार व तिथी नोंदविताना ह्याचा त्रास होतो.

राहुकाळाची गोष्ट ह्याहून सोपी आणि ह्याहून हास्यास्पद आहे. दक्षिणेकडून आपल्याकडे रुळलेल्या ह्या कोष्टकात सोमवारचा राहुकाळ ७.३० ते ९.०० असा कायमचा छापलेला असतो. मूळ नियम दिनमानाच्या आठ भागांचा, आणि सोमवारी दुसरा भाग. कायमचे आकडे सूर्योदय ६ ला व सूर्यास्त ६ ला मानून काढलेले आहेत. जानेवारीच्या आरंभी मुंबईत सूर्योदय सुमारे ७.१२ ला व सूर्यास्त ६.११ ला होतो. त्या सोमवारी दुसरा भाग ८.३४ ते ९.५७ असा येतो. छापील दीड तासांपैकी ६४ मिनिटे चुकवून साधी अर्धी घटकाही धड उरत नाही असे नव्हे, पण २६ मिनिटेच उरतात. राहुकाळ पाळावा की न पाळावा हा प्रश्न निराळा. जो पाळतो त्याने निदान तो कोणत्या सूर्योदयाचा, हे विचारावयास हवे.

‘नक्षत्र’ ह्या शब्दाचीही तिथीसारखीच द्विधा अवस्था आहे. पंचांगाच्या दैनिक ओळीतील नक्षत्र चंद्राचे असते व साधारण एका दिवसात पालटते. शेतकऱ्याचे नक्षत्र सूर्याचे: ते तेरा-चौदा दिवस टिकते. जूनच्या ७-८ तारखेस ‘मिरग’ निघतो तो सूर्य मृगात जातो म्हणून. आणि येथे बोलीने संस्कृत नावांवर जी प्रक्रिया केली आहे ती पाहण्यासारखी आहे. पुनर्वसूचा पाऊस ‘तरणा’ झाला, पुष्याचा ‘म्हातारा’, हस्ताचा ‘हत्ती’. ज्या शब्दांनी शेतीचे वेळापत्रक चालले ते तद्भव झाले किंवा नव्याने घडले. ज्यांनी केवळ मुहूर्त चालले ते तत्सम राहिले. तिथींतही हेच: पाडवा, बीज, पुनव, अवस ही नावे लोकांच्या तोंडी झिजून गुळगुळीत झाली. ‘शुद्ध’ व ‘वद्य’ ह्यांची वाट उलटी. शुक्लदिन व बहुलदिन ह्यांचे लेखनिकी संक्षेप ‘शुदि’ व ‘बदि’; मराठीने त्यांना पुन्हा संस्कृतचा पोशाख चढविला आणि त्यातून जी रूपे निघाली त्यांचा मूळ शब्दांशी अर्थाने संबंध राहिला नाही. वद्य पक्षात निंद्य असे काही नाही.

नामकरणाच्या बाबतीत सर्वांत गंभीर आक्षेप मात्र लोकांवर नव्हे, तज्ज्ञांवर घ्यावा लागतो. मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ साली दिलेला अहवाल गणिताच्या व संकलनाच्या दृष्टीने आदरणीय आहे. त्यावरून २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ ह्या दिवशी, राष्ट्रीय दिनदर्शिका व्यवहारात आली. ती सौर आहे, तिच्या महिन्यांचे दिवस ठरीव आहेत. आणि तिच्या महिन्यांना नावे दिली ती चांद्रमासांची! चैत्र, वैशाख ही नावे पौर्णिमेच्या चंद्राजवळील नक्षत्रांवरून पडलेली. एकाच शकाच्या एकाच वर्षात एक चैत्र २२ मार्चला (प्लुत वर्षी २१ ला) सुरू होणार आणि दुसरा गुढीपाडव्यास. त्यातच आपला चांद्रमास अमान्त आणि उत्तरेकडील पौर्णिमान्त, म्हणून वद्य पक्षात महिन्याचे नाव आधीच दोन प्रकारचे होते. आता ते तीन प्रकारचे झाले. समितीस नवे शब्द घडविण्याचा अधिकार होता, निदान ‘मेष’, ‘वृषभ’ ह्यांसारखी सौर नावे देशाच्या अनेक भागांत चालू होती. सरकारी पत्रांच्या शिरोभागी ही तारीख छापली जाते आणि कोणी ती वाचत नाही, ह्याचे एक कारण ह्या उसन्या नावांत शोधावे लागेल.

आपल्या विभागात कागदपत्रांच्या संपादनाचे काम करणाऱ्यांसाठी ह्यातून निघणारी पद्धत थोडक्यात अशी. मूळ नोंदीतील तिथी व वार जसेच्या तसे ठेवावे. त्यापुढे घटी-पळे असतील तर ती समाप्तीची आहेत की घटनेची, हे नोंदीतील इतर अंगांशी ताडून ठरवावे आणि टिपणात ‘पर्यंत’ हा शब्द स्पष्ट लिहावा. घटना रात्रीची असल्यास इंग्रजी तारीख एका दिवसाने पुढे जाते की काय ते पाहावे. १७५२ पूर्वीच्या इंग्रजी साधनांतील तारीख असेल तर ती जुन्या पद्धतीची, असे कंसात नमूद करावे. मास अमान्त की पौर्णिमान्त हेही सांगावे. वार जुळत नाही एवढ्या कारणावरून कोणतीही नोंद ‘अविश्वसनीय’ ठरवू नये. शुक्रवारच्या पहाटेस शनिवार म्हणणारे आपण आहोत, तो लेखक नव्हे.